अडकित्ता, फणी आणि शिरस्त्राण: प्राथमिक वर्गाला अँग्लो-सॅक्सन काळ वस्तूंमधून कसा शिकवावा

इंग्लंडमधल्या प्राथमिक शाळेत अँग्लो-सॅक्सन काळ शिकवायला सुरुवात करताना पहिल्या तासाला मी जी वस्तू वर्गात नेते, ती अँग्लो-सॅक्सन नसते आणि इंग्लंडमधलीही नसते. तो माझ्या आजीचा पितळी अडकित्ता असतो. त्याची धार मी आधीच बोथट करून घेतली आहे. तीस मुलांच्या वर्गात तो हातोहात फिरतो आणि तो काय आहे हे सांगण्याचे मी निदान वीस मिनिटे कटाक्षाने टाळते. मुले तो उघडतात, मिटतात, वास घेतात. दोन दांड्या एका बिजागरीने जोडलेल्या आहेत, वरच्या दांडीत लोखंडी पाते बसवले आहे, टोकाला मोर आहे आणि मुठीजवळचे पितळ कुणाच्या तरी हाताने घासून गुळगुळीत झाले आहे, एवढे त्यांना दिसते. मग तर्क सुरू होतात. कुणी पक्कड म्हणते, कुणी कैद्यांची बोटे कापायचे हत्यार म्हणते, एखादे मूल अक्रोडापर्यंत पोहोचते, आणि मोर पाहून कुणी ना कुणी हमखास सांगते की ही देवळातली पूजेची वस्तू असणार. (पुरातत्त्वज्ञांवरही हाच आरोप नेहमी होतो, की ज्या वस्तूचा उपयोग कळत नाही ती त्यांच्या लेखी धार्मिक विधीची ठरते.) शेवटी मी सुपारी काढून कातरून दाखवते आणि एकच गोष्ट सांगते: तुमचा तर्क चुकला तेव्हा खरे सांगायला मी इथे होते, पुढच्या सहा आठवड्यांत ज्या वस्तू आपण पाहणार आहोत, त्यांच्याबद्दल सांगायला कुणीही उरलेले नाही.

हा लेख इंग्लंडमध्ये शिकवणाऱ्या किंवा वर्गात मदतनीस म्हणून काम करणाऱ्या मराठी मंडळींसाठी आहे, आणि ज्यांची मुले हा विषय शाळेत शिकत आहेत त्या पालकांनाही तो उपयोगी पडावा. तिथल्या राष्ट्रीय अभ्यासक्रमात ७ ते ११ वयोगटासाठी रोमन सत्ता मागे हटल्यानंतर समुद्र ओलांडून आलेल्या अँग्लो-सॅक्सन लोकांच्या वसाहतींपासून राजा एडवर्ड द कन्फेसरच्या काळापर्यंतचा भाग नेमलेला आहे. म्हणजे ढोबळमानाने इ.स. ४१० ते १०६६ अशी साडेसहाशे वर्षे. त्यातल्या पहिल्या दोनशे वर्षांबद्दल त्या लोकांनी स्वतः लिहून ठेवलेले जवळजवळ काहीच नाही. बीडचा प्रसिद्ध इतिहासग्रंथ पूर्ण झाला तो ७३१ मध्ये, आणि तोही एका ख्रिस्ती मठवाशाच्या नजरेतून लिहिलेला. त्यामुळे या काळापुरती तरी वस्तू हीच मुख्य साक्षीदार आहे. ती धडा रंजक करण्यासाठी मधेच दाखवायची शोभेची बाब नव्हे.

सोने शेवटी दाखवावे

हा नियम मी चूक करून शिकले. पहिल्या वर्षी मी उत्साहाच्या भरात पहिल्याच तासाला सटन हू इथल्या अँग्लो-सॅक्सन थडग्यात सापडलेल्या शिरस्त्राणाची प्रतिकृती वर्गात नेली. परिणाम असा झाला की उरलेला तास ते कुणाच्या डोक्यावर किती वेळ राहणार यावरच्या भांडणात गेला, दोन मुले रडली आणि पुढचे तीन आठवडे मी जे जे दाखवले त्यावर ‘पण ते हेल्मेट परत कधी?’ एवढाच प्रश्न आला. चकाकणारी वस्तू मुलांना थक्क करते, परंतु थक्क झालेले मूल प्रश्न विचारत नाही. म्हणून क्रम उलटा ठेवावा: आधी मातीची, हाडाची, फुटकी, कुणाच्याही घरात असेल अशी वस्तू, राजाची वस्तू सर्वांत शेवटी.

पहिली खरी वस्तू म्हणून मागाचे वजन घ्यावे. हे भाजलेल्या मातीचे, मधे भोक असलेले जाड कडे असते. अँग्लो-सॅक्सन वस्त्यांमध्ये ते सर्रास सापडते. अस्सल मिळाले नाही तर हवेत वाळणाऱ्या मातीचे साधारण दहा सेंटिमीटर व्यासाचे कडे स्वतः करावे. त्याचे नाव सांगू नये. प्रत्येक गटाला एक कागद द्यावा, त्यावर मधोमध रेघ मारून डावीकडे ‘दिसते’ आणि उजवीकडे ‘वाटते’ असे लिहावे. ‘भोक आहे’ हे डावीकडे जाते; ‘दोरीसाठी भोक आहे’ हे उजवीकडे. ‘जड आहे’ डावीकडे, ‘मासेमारीच्या जाळ्याला बांधत असतील’ उजवीकडे. आठ वर्षांच्या मुलाला हा फरक पहिल्या दिवशी जमत नाही, आणि जमला नाही म्हणून शिक्षकाने ते वाक्य स्वतः उचलून योग्य बाजूला लिहू नये. ‘हे तू डोळ्यांनी पाहिलेस का?’ एवढेच विचारावे. हा एक कागद सहाही आठवडे वापरायचा असतो, आणि माझ्या मते या संपूर्ण घटकातून मुलाच्या हाती काही लागलेच तर ते हेच असते.

त्यानंतर कपडे वाळत घालण्याच्या उभ्या स्टँडवर आडव्या दांडीला लोकरीचे धागे बांधावेत, चारचार धाग्यांच्या झुपक्यांना खाली मुलांनी केलेली मातीची कडी अडकवावीत आणि मग मधून आडवा धागा घालून पाहावा. वजने काढली की ताणा सैल पडतो आणि बाणा घालता येत नाही. वजने लावली की माग कामाला लागतो. मराठी घरातल्या मुलाला ताणाबाणा हा शब्द बोलण्यातून ठाऊक असतो, पण तो ताणलेला धागा असतो हे बहुधा पहिल्यांदाच कळते. ज्या झोपडीत माग होता ती जळाली, तर वजने खाली ओळीने पडून राहतात आणि हजार-दीड हजार वर्षांनी तशीच ओळीने सापडू शकतात, हे यानंतर सांगितले की मुले त्या ओळीतून स्वतःच लाकडी माग उभा करतात, कारण माग कुठे होता हे आता त्यांना दिसते.

याच तासाला चातीची चकती जोडावी. माती, हाड, शिसे, दगड, एवढेच काय पण रोमन काळातल्या फुटक्या भांड्याचा तुकडा गोल घासूनही अशा चकत्या केलेल्या सापडतात. ज्यांच्या आजोबांनी शाळेत टकळीवर सूत काढले आहे त्यांना ही वस्तू समजावून सांगावी लागत नाही. वर्गात एक पेन्सिल नुसती फिरवायची आणि दुसरी मातीची चकती अडकवून. चकतीची पेन्सिल जास्त वेळ आणि न डगमगता फिरते. मेंढीची लोकर आणणार असाल तर कुणाला तिची ॲलर्जी आहे का, हे आधी घरी चिठ्ठी पाठवून विचारून घ्यावे.

फणी

फणीवर एक स्वतंत्र तास द्यावा, कारण इतकी छोटी वस्तू इतके काही सांगते हे मुलांनाही चकित करते. अँग्लो-सॅक्सन फण्या बहुतेक वेळा हरणाच्या शिंगाच्या असत. हरणाचे शिंग दरवर्षी गळून पडते, म्हणजे ते रानातून गोळा करता येते, त्यासाठी हरीण मारावेच लागते असे नाही. हा मुद्दा मुलांना विलक्षण आवडतो. शिंगाच्या एकाच मोठ्या तुकड्यातून फणी कापत नसत. शिंगाच्या छोट्या चौकोनी पट्ट्या शेजारी शेजारी लावून, दोन्ही बाजूंनी लांब पट्ट्यांच्या मध्ये धरून, लोखंडी रिव्हेट ठोकून त्या पक्क्या करत आणि मगच करवतीने दाते पाडत. त्यामुळे दात्यांच्या करवतीचे ओरखडे बाजूच्या पट्ट्यांच्या कडेवरही उमटलेले दिसतात. चांगले छायाचित्र मोठे करून दाखवले तर मुले हे ओरखडे स्वतः शोधतात आणि कोणते काम आधी झाले, कोणते नंतर, हे त्यावरून ठरवतात. एवढ्यासाठी एक तास खर्ची घालणे मला कधीही महाग वाटलेले नाही.

काही फण्या दोन्ही बाजूंनी दाते असलेल्या, एका बाजूला विरळ आणि दुसऱ्या बाजूला दाट अशा असतात. इथे इंग्रजीत एकच शब्द आहे, पण मराठीत कंगवा वेगळा आणि फणी वेगळी, आणि दाट दात्यांची बाजू कशासाठी असते हे आपल्याकडच्या कुठल्याही आईला विचारावे लागत नाही. मी वर्गात घरची लाकडी फणी काढते तेव्हा दोन-चार मुलांचे हात आपोआप डोक्याकडे जातात. उवा हा विषय निघाला की वर्ग हातातून जातो, तरी जाऊ द्यावा. ज्यांना आपण रानटी योद्धे म्हणून रंगवतो ते लोक केस विंचरत होते आणि आपली फणी थडग्यात सोबत नेत होते, हे त्या हसण्यातूनच पक्के होते.

जे उरत नाही ते शिकवणे

वस्तूंवरून शिकवताना मोठा धोका हा, की जे सापडले तेवढेच त्या काळी होते असे मुलांना वाटू लागते. लाकूड, कातडे, कापड, गवत, अन्न यांचे बहुतांशी काहीच उरत नाही. हे सांगण्याऐवजी करून दाखवावे. चपट्या प्लॅस्टिकच्या डब्यात पाणी घालून, त्याच्या दोन्ही लांब कडांना छोट्या धातूच्या पिना ओळीने ठेवून बर्फाची लादी गोठवावी. सकाळी ती ओल्या वाळूच्या ट्रेमध्ये घट्ट दाबून पुरावी आणि दुपारी मुलांना रंगाच्या ब्रशने हलक्या हाताने वाळू बाजूला करायला सांगावे. बर्फ नसतो. पिनांच्या दोन ओळी असतात. जरा विस्कटलेल्या, पण ओळखू येणाऱ्या.

मग सटन हूची गोष्ट सांगावी, आणि ती सांगताना घाई करू नये. सफोकमध्ये वुडब्रिज गावासमोर, डेबेन नदीच्या पलीकडे काही मातीचे उंचवटे होते. जमिनीच्या मालकीण एडिथ प्रेटी यांनी १९३८ मध्ये बेसिल ब्राउन या स्वयंशिक्षित उत्खनकाला ते खोदण्याच्या कामावर नेमले. पुढच्या वर्षी, १९३९ च्या उन्हाळ्यात, सर्वांत मोठा उंचवटा खोदताना त्यांना लोखंडी रिव्हेट सापडू लागले. ब्राउन यांनी ते उपटून काढले नाहीत. जागच्या जागी ठेवून त्यांच्या ओळीमागून ते पुढे सरकत गेले, आणि वाळूत २७ मीटर लांबीच्या जहाजाचा ठसा उघडा पडला. लाकडाची फळी एकही शिल्लक नव्हती. ज्या मुलाने सकाळी बर्फ पुरला आणि दुपारी पिनांची ओळ पाहिली, त्याला ब्राउन यांचा हात का थबकला असेल हे समजावून द्यावे लागत नाही.

त्याच दिवशी मैदानावर खडूने २७ मीटरचे जहाज काढावे आणि दोन्ही बाजूंना वल्हेकरी म्हणून मुलांना बसवावे. मधोमध दफनाच्या खोलीचा चौकोन आखावा आणि तिथे काय होते हे सांगताना एक गोष्ट लपवू नये: तिथे मृतदेह सापडला नाही. आम्लधर्मी वाळूने हाडेही खाऊन टाकली. कुणी तरी तिथे असावे हे नंतर मातीतल्या फॉस्फेटच्या प्रमाणावरून मांडले गेले. पूर्व अँग्लियाचा राजा रेडवाल्ड हा त्या थडग्याचा सर्वांत संभाव्य धनी मानला जातो, परंतु वस्तूंवर त्याचे नाव कुठेही नाही. ‘राजा रेडवाल्डची कबर’ असे फलकावर लिहिण्यापेक्षा ‘बहुधा’ हा शब्द मुलांना मोठ्याने उच्चारायला लावावा. ज्यांना शक्य आहे त्यांनी वर्गाला तिथे घेऊन जावे. नदीकाठी वुडब्रिजला स्वयंसेवकांनी त्या जहाजाची पूर्ण आकाराची प्रतिकृती बांधायला घेतली आहे, आणि प्रत्यक्ष लाकडाची जाडी पाहिल्यावर खडूची रेघ अगदीच किरकोळ वाटते. खुद्द वस्तू लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत, कारण प्रेटी यांनी त्या राष्ट्राला भेट दिल्या. तिथे प्रवेशाला पैसे पडत नाहीत.

थडगी, राख आणि हाडे यांचा विषय टाळता येत नाही, कारण या काळातल्या बहुतेक चांगल्या वस्तू मृतांसोबतच्या आहेत. परंतु वर्गात नुकतेच कुणाचे आजी-आजोबा गेले आहेत का, हे आधी पाहून घ्यावे आणि त्या घरी एक शब्द कळवावा. नॉरफोकमधल्या स्पाँग हिल इथे दोन हजारांहून अधिक दहनानंतरच्या अस्थींची पुरणे सापडली. मातीच्या नक्षीदार कलशांत जळलेली हाडे आणि कधी कधी त्यांच्यासोबत छोट्या आकाराचे चिमटे, कातऱ्या व फण्या. या तासाला ब्रिटिश मुले ‘मडक्यात माणूस?’ म्हणून बिचकतात आणि हिंदू घरातले मूल शांतपणे सांगते की आमच्याकडे अस्थिकलश असतो. अशा मुलाला बोलायचे असेल तर बोलू द्यावे, मात्र त्याला वर्गापुढे उभे करून ‘तुमच्याकडे कसे करतात ते सांग’ असा प्रतिनिधी बनवू नये. फरकही स्पष्ट करावा: आपण अस्थी पाण्यात सोडतो, ते कलश पुरत असत, आणि पुरला म्हणूनच तो आपल्यापर्यंत पोहोचला.

शिरस्त्राण, आता

चौथ्या किंवा पाचव्या आठवड्यात शिरस्त्राण आणावे, पण अखंड नव्हे. त्याचे मोठे छायाचित्र छापून त्याचे साठ-सत्तर तुकडे करावेत, त्यातले निम्मे काढून फेकून द्यावेत आणि उरलेले गटांना द्यावेत. मूळ चित्र दाखवू नये. दफनाच्या खोलीचे छत कोसळले तेव्हा खऱ्या शिरस्त्राणाचे असेच झाले होते. ते शेकडो गंजलेल्या तुकड्यांच्या रूपात सापडले. दुसऱ्या महायुद्धानंतर हर्बर्ट मेरियन यांनी ते पहिल्यांदा जुळवले. पुढे त्यात चुका आहेत असे लक्षात आले, आणि १९७० च्या सुमारास निगेल विल्यम्स यांनी ते पुन्हा सुटे करून नव्याने जुळवले. आज संग्रहालयात दिसते ते हे दुसरे रूप. दोन्ही रूपांची छायाचित्रे शेजारी शेजारी लावावीत. मोठ्यांनीही एकदा जुळवलेले मोडून पुन्हा केले, ही गोष्ट खोडरबराला घाबरणाऱ्या मुलांना फार धीर देते.

मग चेहऱ्याकडे वळावे. भुवया हे पंख आहेत, नाक हे अंग, मिशी ही शेपटी, आणि दोन्ही भुवयांच्या मधे वर झेपावणाऱ्या प्राण्याचे डोके. म्हणजे माणसाचा चेहरा आणि उडणारा प्राणी एकाच आकृतीत आहेत. हे सांगू नये, बोटाने गिरवायला लावावे. भुवयांच्या कडेला लाल गार्नेटचे बारीक खडे आहेत. एका भुवईतल्या खड्यांच्या मागे चमक वाढवणारा सोन्याचा पत्रा आहे आणि दुसरीत नाही. दिव्याच्या मंद उजेडात एकच डोळा लकाकत असेल. काही अभ्यासक याचा संबंध एका डोळ्याच्या वोडन या देवाशी जोडतात. मुलांच्या कागदावर पत्रा डावीकडे जातो आणि वोडन उजवीकडे. (बुधवारचे इंग्रजी नाव याच वोडनवरून आले आहे, हे जाता जाता सांगावे, दुसऱ्या दिवशी मुले आठवड्याचे उरलेले वार घेऊन येतात.)

गार्नेट म्हणजे आपल्याकडचा तामडा. त्या काळातल्या युरोपीय दागिन्यांतल्या खड्यांची शास्त्रीय तपासणी झाली आहे आणि त्यातले बरेच भारत व श्रीलंका इथून आलेले आहेत. नंतरच्या काळात बोहेमियातले, म्हणजे आजच्या चेकियातले, बारीक खडे जास्त दिसू लागतात. नकाशावर दोरा लावून ही वाट दाखवावी. त्याच थडग्यात कॉन्स्टँटिनोपलच्या सम्राट अनास्तासियसचे शिक्के असलेले चांदीचे ताट होते आणि थैलीत फ्रँक लोकांची ३७ सोन्याची नाणी होती, प्रत्येक वेगळ्या टांकसाळीतले. त्यांच्यासोबत तीन कोऱ्या चकत्या आणि दोन छोट्या लगडी होत्या. सदतीस अधिक तीन म्हणजे चाळीस; चाळीस वल्हेकऱ्यांचे वेतन आणि लगडी सुकाणूवाल्याच्या, असा एक तर्क आहे. मुलांना बेरीज करू द्यावी, तर्क नंतर सांगावा. मराठी पालकांना एक विनंती: गार्नेटच्या वाटेवरून ‘बघा, सगळे आपल्याकडूनच गेले’ असा निष्कर्ष मुलाच्या तोंडी देऊन शाळेत पाठवू नये. खडा अनेक हातांतून गेला. तो सफोकच्या सोनाराने घडवला तेव्हा त्याला राजस्थानचे नाव ठाऊक असण्याचे काही कारण नव्हते.

न कळणारी लिपी

माझ्या आवडीचा तास नाण्याचा आहे. मी मुलांना देवनागरीतली एक ओळ देते आणि वेळ लावून ती नक्कल करायला सांगते. शिरोरेघ तुटते, वेलांट्या उलट्या फिरतात, अनुस्वार शेजारच्या अक्षरावर जाऊन बसतो, आणि एखादा कागद उलटा धरूनच लिहिलेला असतो. (वर्गात मराठी किंवा हिंदी वाचणारे मूल असेल तर त्याला तपासनीस करावे, ते अत्यंत निर्दय असते.) त्यानंतर मर्सिया या अँग्लो-सॅक्सन राज्याचा राजा ऑफा याचे सोन्याचे नाणे पडद्यावर दाखवावे. ऑफाने ७५७ ते ७९६ राज्य केले. हे नाणे बगदादच्या अब्बासी खलिफा अल-मन्सूरच्या दिनाराची नक्कल आहे. त्यावर हिजरी १५७ हे वर्ष आहे, म्हणजे इ.स. ७७३-७७४. अरबी मजकुरात चुका आहेत आणि मधोमध घातलेले ‘ऑफा रेक्स’, म्हणजे राजा ऑफा, हे शब्द अरबीच्या मानाने उलटे आहेत. ज्याने ठसा कोरला त्याला अरबी येत नव्हती, हे मी कधीच सांगत नाही. मुले स्वतःच्या कागदाकडे पाहून ते ओरडून सांगतात.

या वस्तूच्या जोडीला आल्फ्रेडचा (बहुधा याच नावाच्या अँग्लो-सॅक्सन राजाचा) अलंकार ठेवावा. तो १६९३ मध्ये सॉमरसेटमधल्या नॉर्थ पेदर्टनजवळ सापडला आणि आता ऑक्सफर्डच्या ॲशमोलियन संग्रहालयात आहे. जेमतेम साडेसहा सेंटिमीटर लांब. त्याच्या कडेने जुन्या इंग्रजीत सोन्याच्या अक्षरांत लिहिले आहे: ‘आल्फ्रेडने मला घडवून घेतले.’ वस्तू स्वतःबद्दल ‘मला’ म्हणते. खालच्या टोकाला प्राण्याचे तोंड आहे आणि त्यात काठी बसवायची पोकळी. वाचताना ओळीवर फिरवायच्या दर्शकाची ती मूठ असावी, असे बहुतेक अभ्यासक मानतात. मुलांनी आपापल्या मातीच्या कड्याभोवती असेच एक वाक्य कोरावे. मातीवर जागा कमी असते, त्यामुळे फापटपसारा आपोआप गळतो.

स्टॅफर्डशायरचा ठेवा मात्र मी फक्त पंधरा मिनिटांत दाखवते. तो २००९ मध्ये शेतात सापडला. सुमारे ४,६०० तुकडे, जवळपास चार किलो सोने, आणि जवळजवळ सगळे लढाईच्या सामानाचे. तलवारीच्या मुठींवरचे साज उचकटून काढलेले, पण पाती नाहीत; दुमडलेला सोन्याचा क्रूस. कुणी पुरला आणि परत का आला नाही, हे कुणालाही ठाऊक नाही. मुलांना इथे लांबलचक कथा लिहायला लावण्याचा मोह होतो, परंतु कथा लिहिली की ‘दिसते’ आणि ‘वाटते’ यांच्यातली रेघ पुसली जाते. ते लेखन भाषेच्या तासाला करावे.

काही व्यावहारिक गोष्टी

अनेक जिल्हा संग्रहालये शाळांना हाताळण्यासाठी वस्तूंच्या पेट्या उसन्या देतात. त्यांची मागणी एक सत्र आधी नोंदवावी, कारण सगळ्या शाळा हा घटक साधारण एकाच वेळी शिकवतात. हाताळताना मुलांनी बसलेले असावे, टेबलावर जाड टॉवेल अंथरलेला असावा, वस्तू दोन्ही हातांनी धरावी आणि पुढच्याला हातात न देता टेबलावर ठेवावी. त्याने ती टेबलावरून उचलावी. बहुतेक वस्तू फुटतात त्या हातातून हातात जाताना. वस्तूची अवस्था पेटी उघडल्याबरोबर लिहून ठेवावी, नाही तर आधीच तुटलेल्या दात्याचा हिशेब तुमच्याकडे मागितला जातो.

पेटी मिळाली नाही तरी अडत नाही. पोर्टेबल अँटिक्विटीज स्कीमच्या संकेतस्थळावर सामान्य लोकांना सापडलेल्या दहा लाखांहून अधिक वस्तूंच्या नोंदी आहेत आणि त्या सर्वांना खुल्या आहेत. आपल्या परगण्याचे नाव आणि काळ निवडला की शाळेपासून काही मैलांवर सापडलेला मोडका ब्रोच, म्हणजे कपडा अडकवायची पिन, दिसतो, आणि तो मुलांना दूरच्या राजाच्या बकलापेक्षा अधिक आपला वाटतो. ब्रोच दाखवताना जोडीने दाखवावा: स्त्रियांच्या थडग्यांत दोन ब्रोच दोन खांद्यांपाशी सापडतात, आणि एक चादर व दोन मोठ्या सेफ्टी पिना घेतल्या की पोशाखाचा आकार मुले स्वतः शोधतात. तोच ब्रोच कुठे सापडला याची नोंद न करता कुणी उचलून नेला असता, तर खांदा आणि पोशाख दोन्ही हरवले असते, हे याच वेळी सांगावे.

‘आपले पूर्वज’ हा शब्दप्रयोग वर्गात करू नये. तीस मुलांतल्या कितींचे पूर्वज कुठून आले हे शिक्षकाला माहीत नसते, आणि अँग्लो-सॅक्सन हेही समुद्र ओलांडून येऊन वसलेलेच लोक होते. हा शब्द आज कधी कधी वंशाच्या अभिमानाने वापरला जातो, हे मोठ्या मुलांच्या कानावर पडलेले असते. विचारले तर साधे उत्तर द्यावे की आपण एका काळातल्या लोकांबद्दल बोलत आहोत, आज वर्गात बसलेल्या कुणाबद्दल नाही. शिंगे असलेली शिरस्त्राणे आणि ‘अंधारयुग’ हे दोन्ही शब्द फलकावर आले तर वादासाठी तिथेच राहू द्यावेत. फणी आणि गार्नेट पाहून झालेली मुले त्यांचा समाचार स्वतः घेतात.

मूल्यमापनासाठी लेखी परीक्षेऐवजी संग्रहालयाची पाटी लिहून घ्यावी. प्रत्येक मुलाने एक वस्तू निवडावी आणि चाळीस शब्दांत तिची माहिती लिहावी. त्यात एक वाक्य पाहिलेल्या गोष्टीचे, एक अनुमानाचे आणि एक ‘आम्हाला हे माहीत नाही की’ ने सुरू होणारे असलेच पाहिजे. तिसरे वाक्य लिहायला सर्वाधिक वेळ लागतो आणि सर्वांत हुशार मुले तिथेच अडतात, कारण त्यांना न येणारे उत्तर कागदावर मांडायची सवय नसते. प्रदर्शन वर्गाबाहेरच्या लांब टेबलावर मांडावे आणि पालकांना दुपारी बोलवावे.

त्या टेबलाच्या अगदी टोकाला मी अडकित्ता ठेवते, पाटीविना, आणि शेजारी कोरे कार्ड. गेल्या वर्षी कुणी तरी कार्डावर लिहून गेले होते: ‘हा पितळेचा आहे. एक बाजू झिजली आहे. ज्या बाईने तो वापरला ती बहुधा डावखुरी होती.’ आजी डावखुरी होती का, हे मला आठवत नव्हते. रात्री आईला फोन करून विचारावे लागले.